एकशे सत्तावीस दात

मोडलेल्या स्क्रूचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आत्या त्यांच्याकडे नुसती बघत बसली होती. ती गप्प बसली की भाचीला धडकी भरायची. आत्या ओरडली, तिनं चिडवलं, टोमणा मारला, तर समजावं की काम सुरळीत चाललंय. गप्प बसली की गोष्ट गंभीर.

आणि गंभीर तर होतीच. मनगटाएवढा जाड, दोन हात लांब, चौकोनी आट्यांचा तो स्क्रू अंध मुलांच्या शाळेतल्या दाबयंत्राचा होता. वरचं चाक फिरवलं की स्क्रू खाली उतरायचा, जाड कागद जस्ताच्या पत्र्यावर दाबला जायचा, आणि पत्र्यावरचा नकाशा कागदावर उठून यायचा. डोंगर बोटांना टोचायचे, नद्या बोटांखालून वाहायच्या. तसे अठ्ठ्याऐंशी पत्रे शाळेत होते. यंत्र बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. विश्वस्त म्हणाले होते, शनिवारी सकाळी यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर भंगारात जाईल. मुलांना नकाशाचं वर्णन वाचून दाखवता येईल.

"वर्णन!" शाळेच्या मोठ्या बाई त्या दिवशी फणकारल्या होत्या. "ज्यानं नदी फक्त ऐकलीय, त्यानं मला येऊन सांगावं, ती कुठे वळते."

मोठ्या बाई स्वतः जन्मापासून अंध. याच यंत्रावरच्या नकाशांवर त्या शिकल्या, आणि आता त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आत्याची त्यांच्याशी दोस्ती लहानपणापासूनची. तेव्हा आत्याचे वडील यंत्र दुरुस्त करायला शाळेत जायचे आणि ही त्यांच्यामागे हत्यारांची पिशवी घेऊन. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की भोक पाडूनच थांबते, म्हणून बाईंनी तिचं नाव ठेवलं गिरमिट. पन्नास वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही.

आत्यानं बाईंना शब्द दिला होता: शनिवारी स्क्रू बसवून देते.

आज गुरुवार होता.

"आत्या, मी सांगू का?" भाची संगणकावरून मान न वळवता म्हणाली. गणितात पदवी घेऊन ती गेल्या वर्षी घरच्याच वर्कशॉपमध्ये आली होती. आत्या तिला लाडानं प्रोफेसर म्हणायची, आणि रागावली की तर हमखास. "नेमका स्क्रू आपल्या लेथवर निघूच शकत नाही. मी सगळं तपासलंय."

"सगळं म्हणजे किती?"

"वीस दातांपासून एकशे तीस दातांपर्यंतची सगळी चाकं. एकशे अकरा चाकं, त्यांच्या बारा हजार तीनशे एकवीस जोड्या. प्रत्येक जोडीला विचारलं, तुझं प्रमाण बरोब्बर जुळतं का? बारा हजार तीनशे एकवीस वेळा उत्तर आलं, नाही."

लेथवर आटे कापायचे तर तिथे अंदाजाचं काम नसतं. गज फिरतो, त्याच्याबरोबर गिअरची चाकं फिरतात, आणि ती हत्याराला पुढे सरकवतात. गजाच्या एका फेऱ्यात हत्यार किती सरकेल, हे चाकांच्या दातांवर ठरतं. दात बदला, आटे बदलतात. अडचण एवढीच होती की लेथ मिलिमीटरची भाषा बोलायचा आणि शाळेचं यंत्र इंचाची.

"मग आमच्या वडिलांनी कसा कापला?" आत्यानं विचारलं. "हाच स्क्रू, हाच लेथ. मी शेजारी उभी होते."

"आजोबांनी जवळपासचा कापला असेल. मग वापरून वापरून झिजला आणि बसला. आपणही तेच करू. आपल्या पेटीत आहेत त्यांतली सगळ्यांत जवळची जोडी काढलीय मी, बहात्तर आणि अडुसष्ट. एका आट्याला चूक किती येते माहितीय? मिलिमीटरचे हजार भाग कर, त्यातले तीन!"

"आणि हा स्क्रू ज्यातून उतरतो, त्या नटात आटे किती?"

"छत्तीस."

"मग कर की गुणाकार."

भाचीनं केला, आणि तिचा आवाज जरा उतरला. "दहावा हिस्सा मिलिमीटर."

"केसाएवढं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते फक्त चांगल्या गोष्टींचंच खरं नसतं, बाळा." आत्या उठली. तिनं कोपऱ्यातला पोलादी गज थोपटला. "हे बघ. हाताची चूक कधी इकडे होते, कधी तिकडे, फिटून जाते. चाकाची चूक दर आट्याला एकाच बाजूला होते. ती फिटत नाही, साठते. पहिले दहा आटे लोण्यासारखे जातील. विसाव्याला स्क्रू कुरकुरेल. तिसाव्याला अडकेल, आणि मग कुणीतरी जोर लावेल. नट ब्राँझचा, यंत्राच्या सांगाड्यातच ओतलेला. तो एकदा खरवडला की शनिवारची वाट बघायलाच नको."

"मग जरा सैल कापू."

"सैल कापला की पत्रा हलेल. पत्रा हलला की नदी डोंगरावर चढेल. आणि गज एकच आहे. या जातीचा, या लांबीचा दुसरा आता मिळायचा नाही."

आत्याच्या मनात पहिल्यांदाच एक किडा वळवळला. वडिलांनी खरंच नेमका कापला होता, की आपल्याला दहाव्या वर्षी तसा वाटला होता? वडिलांचं सगळं डोक्यात असायचं, कागदावर कधी काही नाही. पण मग तिनं मोडक्या स्क्रूवर पट्टी ठेवली. नऊ इंचांत छत्तीस आटे. पहिली रेघ शून्यावर, शेवटची नऊवर, आणि भिंगातूनसुद्धा मधे अंतर दिसेना. झीज आट्याची धार खाते, आट्यांमधलं अंतर सुधारत नाही. किडा जागच्या जागी मेला.

"प्रोफेसर," ती स्टूल ओढून भाचीशेजारी बसली. "मला पहिलीतली मुलगी समज. तू त्या यंत्राला काय काय सांगितलंस, ते एकेक करून मला सांग. घाई करू नकोस. मला कळलं नाही तर मी विचारणार, आणि तू वैतागायचं नाही."

आत्याची ही पद्धत भाचीला लहानपणापासून ठाऊक होती. बेरीज चुकली तर आत्या कधी "चूक" म्हणायची नाही. "मला शिकव" म्हणायची. शिकवता शिकवता चूक आपोआप पायात यायची.

"हे साधं कॅल्क्युलेटर नाहीये," भाचीनं सुरुवात केली. "हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर आहे. याला एक तृतीयांश दिलं तर हे शून्य पॉइंट तीन तीन तीन करत बसत नाही. एक तृतीयांश म्हणूनच जपून ठेवतं. बघ." तिनं लिहिलं, एक भागिले तीन, गुणिले तीन. उत्तर आलं, एक.

"शहाणं आहे. पुढे?"

"स्क्रूला एका इंचात चार आटे. इंच म्हणजे पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर."

"अंदाजे?"

"नाही गं, बरोब्बर. तसं ठरवूनच दिलेलं आहे. म्हणून एका आट्याची लांबी म्हणजे त्याचा चौथा भाग. आपल्या लेथचा मुख्य स्क्रू एका फेऱ्यात सहा मिलिमीटर सरकतो, म्हणून पुन्हा भागिले सहा. जे येईल ते चाकांचं प्रमाण."

"आणि आलं काय?"

भाचीनं बोट ठेवलं. पडद्यावर होतं, १.०५८३३३३३३३३३३३३.

आत्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बराच वेळ बघितलं. "मला एक सांग. जो एक तृतीयांशला तीन तीन तीन लिहीत नाही, तो इथे तीन तीन तीन का लिहितोय?"

भाचीनं पडदा वर सरकवला.

"मी याला म्हटलं होतं सकाळी," ती हळूच म्हणाली, "की याचा अपूर्णांक करून दे. तर त्यानं हे दिलं." तिनं वरची ओळ दाखवली. वर सोळा आकडे, मधे रेघ, खाली सोळा आकडे. वरची संख्या होती ४७६६३०९६०५६३३७७५.

"म्हणजे एवढ्या दातांचं चाक?"

"हो."

"आणि ते ठेवायचं कुठे? चंद्र थोडा बाजूला सरकवावा लागेल."

पण भाची हसली नाही. ती त्या पंचवीस पॉइंट चारकडे बघत होती. तिनं ओळीवरचे बाकीचे आकडे पाहिले. चार. सहा. त्यांत टिंब नव्हतं. टिंब फक्त एकात होतं.

"आत्या," ती म्हणाली, "दुधात मिठाचा खडा मीच टाकला."

"कसा काय?"

"या सॉफ्टवेअरचा एक नियम आहे. पूर्ण संख्या दिली, अपूर्णांक दिला, की ते त्याला नेमकं धरतं. टिंब दिलं, की ते समजतं, ही कुणीतरी मापून आणलेली संख्या, हिचे पंधरासोळा आकडे धरायचे, पुढचे सोडून द्यायचे. आणि एक जरी टिंबवाली संख्या आत शिरली, की सगळं उत्तर टिंबाचं होऊन जातं. मी हे शिकलेय, आत्या! परीक्षेत लिहिलंय! पण भिंतीवरच्या तुझ्या तक्त्यावर पंचवीस पॉइंट चार लिहिलंय, मी ते बघून तसंच टाईप केलं."

"आता माझ्या तक्त्यावर ढकल. बरं, पण पंचवीस पॉइंट चारमध्ये आकडे तीनच. सोळा कुठून आले? त्याला तीन आकडेही जपता येत नाहीत?"

"ते दहाच्या हिशेबात लिहीत नाही ना, दोनच्या हिशेबात लिहितं. अर्धा, पाव, आठवा, सोळावा, असं."

आत्यानं टेबलाचा खण उघडला. त्यातून जाडी जुळवायच्या पत्र्याच्या पट्ट्या काढल्या. "म्हणजे माझ्याकडे अर्ध्याची, पावाची, आठव्या भागाची, अशाच पट्ट्या आहेत, आणि मला एक पंचमांश जाडी जुळवायचीय. एकावर एक ठेवत गेले, तरी कधी किंचित कमी पडणार, कधी किंचित जास्त होणार. कितीही बारीक पट्टी आणली तरी."

"अगदी तस्सं."

"आणि तू बारा हजार जोड्यांना विचारलंस, बरोब्बर जुळतं का. त्या बिचाऱ्या खरं तेच सांगत होत्या. जुळत नव्हतंच."

"सोळाव्या आकड्यावर."

"मग आता खडा काढ."

भाचीनं टिंब खोडलं. तिथे लिहिलं, दोनशे चौपन्न भागिले दहा. बाकी एक अक्षर बदललं नाही. बटण दाबलं. उत्तर आलं तेव्हा तिच्या तोंडून हसू फुटलं, कारण पडद्यावर तीनांची ती लांबलचक शेपूट नव्हतीच. फक्त होतं, १२७/१२०.

"एकशे सत्तावीस दातांचं एक चाक, एकशे वीस दातांचं दुसरं," भाची म्हणाली. "बस्स. मधे जोडायला कुठलंही. आणि एकशे सत्तावीसला दुसरा कुणी भागत नाही, म्हणजे लहान चाकं जोडून ते करता येणार नाही. चाक हवं तर तेच हवं."

एकशे वीसचं चाक पेटीत होतं. एकशे सत्तावीसचं नव्हतं. पेटी उलटी केली, कपाटं पाहिली, लेथखालचा भुसा उपसला. नवं चाक कापून आणायचं म्हणजे आठवडा. भाचीचा चेहरा पुन्हा पडायला लागला. आत्याचा मात्र नाही.

"वडिलांनी कापला होता," ती म्हणाली, "म्हणजे चाक होतं. आणि वडिलांनी आयुष्यात लोखंडाचा तुकडा टाकलेला नाही. म्हणजे चाक आहे."

तेवढ्यात मोठ्या बाई काठी टेकत आत आल्या. शाळा सुटली की त्या गुरुवारी चहाला यायच्याच. "काय गं गिरमिट, तुझा लेथ आज मुका का?" म्हणत त्यांनी सवयीनं दारापासून सहा पावलं मोजली, हात पुढे केला आणि खिडकीशी टेकल्या. त्यांची बोटं खिडकीच्या फळीवरून फिरली, फुलझाडाच्या कुंडीला लागली, कुंडीखाली गेली आणि थांबली.

"ही कुंडी दातांवर का उभी आहे?"

आत्या आणि भाची एकदमच खिडकीकडे धावल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आत्यानं कपाळावर हात मारला. "वहिनी! अहो वहिनी! हे कुंडीखाली काय ठेवलंय तुम्ही?"

आतून भाचीची आई आली. "ते होय? पाण्यानं फळी कुजत होती म्हणून ठेवलंय. अकरा वर्षं झाली. तुम्हीच तर म्हणालात, हवं ते घ्या त्या ढिगातलं."

"आई, हे चाक आहे!"

"मग मी काय ताटली म्हटलं? आणि माझी कुंडी आता कशावर ठेवू?"

कुंडी वहिनींच्या हातात राहिली आणि चाक टेबलावर आलं. मातीनं माखलेलं, गंजलेलं, वर कोरलेला आकडा असलाच तर गंजात गेलेला. आत्यानं ते रॉकेलनं धुतलं, ब्रशनं घासलं आणि दात मोजले. एकशे सव्वीस. भाचीनं मोजले. एकशे अठ्ठावीस.

"थांबा," भाची म्हणाली, "मोजायला कशाला हवं? व्यास मापते आणि भाग देते." तिनं कॅलिपर लावला, आकडे टाकले. "एकशे सव्वीस पॉइंट आठ."

"पॉइंट आठ दात?" बाई म्हणाल्या. "दुधाचा असेल."

वहिनी कुंडीसकट हसायला लागल्या. भाचीला आपलीच चूक एका तासात दुसऱ्यांदा सापडली होती, पण या वेळी तीही हसली. "कडा झिजल्यात ना. लांबी मापायची असते, दात मोजायचे असतात. आई, आण गं तो खडू, पहिल्या दातावर खूण करते."

"खडू तुम्हा डोळसांना," बाई म्हणाल्या. "इकडे द्या. आणि कुणी बोलू नका."

त्यांनी केसांचा आकडा काढून एका दातावर अडकवला. मग डाव्या हातानं चाक धरलं आणि उजव्या अंगठ्याखालून एकेक दात सरकवायला सुरुवात केली. दर दहा दातांना त्या टेबलावर टकटक करायच्या. वर्कशॉपमध्ये दुसरा आवाज नव्हता. बाराव्यांदा टकटक झाली. मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि अंगठा केसांच्या आकड्याला जाऊन टेकला.

"एकशे सत्तावीस. हवं तर परत मोजते."

"मोज," आत्या म्हणाली. खात्री नव्हती म्हणून नव्हे, गज एकच होता म्हणून.

दुसऱ्यांदाही एकशे सत्तावीसच भरले.

शुक्रवारी सकाळी आत्यानं चाकं चढवली. वर एकशे सत्तावीस, खाली एकशे वीस, मधे एक जोडचाक. पहिली रेघ नुसती हत्याराच्या टोकानं ओढली, कापलं काहीच नाही. मग पट्टी लावून भाचीला बोलावलं. नऊ इंचांत छत्तीस. भाचीनं भिंगातून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. तेव्हा कुठे आत्यानं हत्यार आत घेतलं. दिवसभर पोलादाच्या निळसर चुंबळी जमिनीवर पडत होत्या, आणि आत्या भाचीला रागवत होती, तेल कमी घालतेस म्हणून, जास्त घालतेस म्हणून, मधे उभी राहतेस म्हणून. भाची खूश होती. आत्या बोलत होती.

"पण आत्या," मधेच तिनं विचारलं, "लोखंड थोडंच नेमकं असतं? ते तापतं, वाढतं, हत्यार झिजतं. शेवटी चूक राहतेच की."

"राहतेच. लोखंडाची चूक पदरात घ्यावी लागते, तिला इलाज नाही. पण म्हणून आकड्याची चूक आपण होऊन तिच्यात घालायची का? जे नेमकं ठेवता येतं ते शेवटपर्यंत नेमकं ठेवावं. कच्चं व्हायला पुढे जागा पुष्कळ असते. तेल घाल."

शनिवारी सकाळी शाळेच्या दालनात दोन विश्वस्त घड्याळ बघत उभे होते. बाहेर भंगाराची गाडी येऊन थांबली होती. आत्यानं स्क्रूला तेल लावलं, तोंड नटात धरलं आणि चाक मोठ्या बाईंच्या हातात दिलं.

"मी?" बाई म्हणाल्या.

"अडकला तर तुला माझ्याआधी कळेल. कळलं की सोडून द्यायचं, जोर लावायचा नाही."

बाईंनी फिरवायला सुरुवात केली. पहिले दहा आटे लोण्यासारखे गेले. भाची मनातल्या मनात मोजत होती. विसावा. तिनं कान टवकारले, कुरकुर नाही. पंचविसावा. तिसावा. इथेच तो अडकला असता, बहात्तर आणि अडुसष्टचा. बाईंचा हात एका लयीत फिरत होता. छत्तीस. स्क्रूचं टोक नटाखालून बाहेर आलं, आणि बाई फिरवतच राहिल्या, खाली, आणखी खाली, पत्र्यावर कागद करकचून दाबला जाईपर्यंत.

मग त्यांनी चाक उलटं फिरवलं, कागद काढला आणि खिडकीशी नेला. खिडकीची त्यांना गरज नव्हती, जुनी सवय होती. बोटं वरच्या कोपऱ्यातल्या डोंगरांवर टेकली, खाली उतरली, एका वळणावर थबकली, पुन्हा वळली.

"काय गं?" आत्यानं विचारलं. तिचा श्वास अजून छत्तिसाव्या आट्यावरच अडकला होता.

"बरोबर वळतेय," बाई म्हणाल्या. "आणि समुद्राला मिळालीय. गाडीवाल्याला सांग कुणीतरी, परत जा म्हणावं."

सोमवारी भाचीनं भिंतीवरचा तक्ता उतरवला. पंचवीस पॉइंट चारच्या जागी तिनं रंगानं लिहिलं, १२७/५. एकशे सत्तावीसचं चाक लेथशेजारी खिळ्याला लागलं. पेटीत एक दात तुटलेलं अडुसष्टचं चाक होतं, ते वहिनींच्या कुंडीखाली गेलं. कुंडी थोडी डुगडुगते, पण फुलांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.